कानातला इअरफोन

आज सकाळी राजापूर एसटी स्टँडजवळच्या टपरीवर एका पोरानं आमच्या दादाला तोंडावर विचारलं, "टीव्हीवाले एका बातमीचे किती घेता हो?" चार जण हसले. दादानं चहाचे पैसे ठेवले आणि निघाला. मला तिथे काहीच सुचलं नाही, म्हणून आता लिहितेय.

चोवीस वर्षं राजकीय बातमीदारी केली त्यानं. मंत्रालय, विधानभवन, नेत्यांच्या बंगल्यांबाहेरचे फुटपाथ. आमच्या आजीच्या तेराव्याला हा नागपूर अधिवेशनात होता.

एप्रिल २०२३. राजापूरजवळच्या बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, रिफायनरीसाठी सर्वेक्षण सुरू झालेलं, बायका रस्त्यात आडव्या पडलेल्या. मी दादासाठी पाणी घेऊन गेले होते. शर्टावर घामाचं मीठ पांढरं उमटलेलं. एक म्हातारी सांगत होती, "ही कलमा माझ्या सासऱ्यान लावलीन," आणि याच्या कानात चॅनलचे डेस्कवाले ओरडत होते, नेते आलेत, लाइव्ह ये! त्यानं इअरफोन काढून खिशात टाकला. म्हणाला, "बोल आजी." ती रडली, थांबली, पदरानं तोंड पुसून परत बोलायला लागली. तोवर त्याचा माइक हलला नाही.

दोनच महिन्यांपूर्वी याच राजापुरात रिफायनरीविरोधात लिहिणारे पत्रकार शशिकांत वारिशे गाडीखाली चिरडले गेले होते. तरी हा तिथे उभा होता. आणि याला किती घेता विचारता? दर ६ जानेवारीला पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांच्या, पहिल्या मराठी पत्रकाराच्या, फोटोला हार घालता ना?

हो, संध्याकाळी चॅनलांवर जो आरडाओरडा चालतो तो मलाही बघवत नाही. मान्य. पण तो स्टुडिओत चालतो, सड्यावर नाही. २३ नोव्हेंबर २०१९ ला राजभवनावर फडणवीस-अजित पवारांचा गुपचूप शपथविधी उरकला, तेव्हा दादा कॅमेऱ्यासमोर सरळ म्हणाला, "मला हे आधी कळलं नव्हतं." असं बोलायला छाती लागते हो.

यंदा मार्चमध्ये चॅनलनं त्याला एका फोनवर घरी बसवलं. त्या इअरफोनचाही राग असेल, असं मला वाटतं. तो मानत नाही.

सकाळच्या पोराबद्दल म्हणाला, "लहान आहे गं, सोड." मग विचारलंन, "ती कलमांवाली आजी बरी आहे ना?" मला रडूच आलं. आत्ता ओटीवर बसलाय. फोन वाजला की अजून लाइव्हला उभा राहिल्यासारखा ताडकन उठतो.

त्या पोराला कुणी ओळखत असाल तर त्याला आमच्याकडे पाठवा. चहा मी करते. काय विचारायचंय ते दादाच्या समोर बसून विचारू दे.