फुकट काम आणि हिशेब

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुन्हा तोच वाद पेटलाय. क्रीडा संघटनेचा अध्यक्ष राजकारणी नको, माजी खेळाडूच हवा. २०२५ साली संसदेनं क्रीडा प्रशासनाचा कायदा केल्यापासून त्यात वयाच्या मर्यादेचाही मुद्दा आलाय. मी इथं अमेरिकेत बसून सगळं वाचतो, आणि गुरुवार आला की बॉलिंगला जातो. (काकांना हे सांगितलं तर म्हणाले, “फिरकी टाकतोस का?” दहा पिन पाडायचं बॉलिंग, काका.)

आमच्या लीगच्या सेक्रेटरीबाईंनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. चाळीसेक वर्षं हे काम करतायत. दर आठवड्याला प्रत्येकाच्या तीन गेमची बेरीज, त्यावरून सरासरी आणि सरासरीवरून हँडिकॅप, म्हणजे कमी सरासरीवाल्याला द्यायची सवलत. आमच्याकडे २२० मधून सरासरी वजा करायची आणि उरेल त्याच्या ९० टक्के पिन फुकट द्यायच्या. माझी सरासरी १२०, म्हणजे दर गेमला ९० पिन मला आयत्या मिळतात. माझ्यासारखा ढ माणूस त्या आकड्याच्या जोरावर पट्टीच्या खेळाडूसमोर उभा राहतो. आता संगणक बेरीज करतो हे खरं, पण बाई वहीतही लिहितात. दोन वेळा संगणकात चुकीचा आकडा भरला गेला होता, तो वहीनंच पकडला.

सीझनच्या आधी स्थानिक असोसिएशनचे स्वयंसेवक सगळ्या लेन, म्हणजे चेंडू घरंगळायच्या पट्ट्या, तपासतात. यंदा टेपचं एक टोक माझ्या हातात होतं. फाउलच्या रेषेपासून पहिल्या पिनपर्यंत ६० फूट. बाई गुडघ्याखाली उशी घेऊन लेनवर बसल्या, आडवी लेव्हल ठेवली आणि चष्मा कपाळावर सारून जवळून बघू लागल्या. आडव्यात इंचाच्या हजार भागांपैकी ४० भागांपर्यंतचा कल चालतो, म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर. मी म्हटलं, एवढ्यानं काय बिघडणार? “ज्याचे ३०० होतील त्याला विचार,” म्हणाल्या आणि उशी पुढच्या लेनवर सरकवली. (३०० म्हणजे एका गेमचे पैकीच्या पैकी गुण.)

लीगच्या पैशांचंही तसंच. खात्यातून काढायचे तर दोन सह्या लागतात, आणि अध्यक्षानं दर महिन्याला शिल्लक तपासायची, असा राष्ट्रीय संघटनेचाच नियम आहे. आमचा अध्यक्ष तिशीतला. त्याला बाईंकडे कागद मागायचा संकोच वाटतो, तर उशीर केला म्हणून बाईच त्याला झापतात.

कॉलेजात असताना मी आमच्या क्रीडा मंडळात एकदा जमाखर्च विचारला होता. “म्हणजे आमच्यावर विश्वास नाही?” असं उत्तर आलं. पुढे वर्षभर ‘जास्त शिकलेला’ म्हणून माझी ओळख राहिली. अध्यक्ष कोण, यावर ग्रुपनं खुशाल भांडावं. मला वाटतं आपली अडचण त्याच्या बरीच खाली आहे. फुकट काम करणाऱ्याला आपण देव्हाऱ्यात बसवतो, आणि देवाकडे हिशेब मागायची सोय नसते. मग तिथं राजकारणी बसो की ऑलिंपियन.

इथलं सगळं सोवळं आहे असं मात्र कुणी समजू नये. १८९५ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन बॉलिंग काँग्रेस या बॉलिंगच्या राष्ट्रीय संघटनेचं सभासदत्व १९५० पर्यंत फक्त गोऱ्यांना मिळत होतं. कृष्णवर्णीयांनी १९३९ साली डेट्रॉइटमध्ये स्वतःची संघटना काढली. बायकांची तर १९१६ पासूनच वेगळी होती. त्या काळातही बेरजा करणारे, लेन मोजणारे हौशीच होते आणि मनापासून राबत असतील. म्हणूनच ‘सेवाभाव’ शब्द कानावर आला की मी आता जरा सावरून बसतो.

आपल्याकडे राबणारी माणसं नाहीत असंही नाही. कबड्डीच्या स्पर्धेला पहाटे मैदानावर पाणी मारून फक्कीच्या रेषा आखणारा माणूस प्रत्येक गावात असतो. ग्रुपवरच्या शंभर मेसेजमध्ये त्याचा विषय एकदाही निघाला नाही. इथल्या बॉलिंगच्या हॉल ऑफ फेममध्ये खेळाडूंच्या जोडीला सेवेचाही स्वतंत्र विभाग आहे, एवढं तरी घेण्यासारखं आहे.

मागच्या गुरुवारी बाईंनी वही मिटली आणि मला विचारलं, पुढच्या सीझनला सेक्रेटरी होशील का? गुडघे आता ऐकत नाहीत म्हणाल्या. मी म्हटलं, “बघू.” त्या खूश झाल्या. मराठी माणसाच्या ‘बघू’चा अर्थ त्यांना अजून ठाऊक नाही.