चादरी आणल्यात का?

कोकणातल्या केळशीला एसटीतून उतरलो. पाठपिशवीचे पट्टे अजून खांद्यावर नीट बसलेही नव्हते, तोच समोरच्या पडवीतून एका आजींनी हाक मारली, “ओ चादरवाले, इकडे या!”

आम्ही तिघांनी मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं. धूळ होती आणि निघून चाललेली एसटी होती.

“चादरवाले नाही ओ आजी,” मी म्हणालो, “आम्ही सोलापूरहून आलोय, चालायला.”

सोलापूरचं नाव घ्यायला नको होतं.

“मग तेच म्हणत्ये मी,” आजी म्हणाल्या. “डबलची केवढ्याला दिलीत?”

त्यांचीही चूक नव्हती. समुद्र बघायला येणारा माणूस गाडीतून येतो, गाडीतून उतरतो, फोटो काढतो आणि गाडीत बसतो. फुगलेल्या पिशव्या पाठीवर घेऊन गावोगाव पायी फिरणारी, उन्हानं रापलेली, पन्नाशी ओलांडलेली तीन माणसं सोलापूरहून आली असतील, तर ती चादरी विकायलाच आली असणार. शिवाय पिशव्यांत खरोखरच चादरी होत्या. पण ते पुढे.

बेत साधा होता. केळशी ते दाभोळ, चार दिवस, किनाऱ्याकिनाऱ्यानं पायी. एका कोळीवाड्यातून निघायचं, रात्री दुसऱ्यात टेकायचं. वाटाड्या नको, कारण वाटाड्या पहाटे पाचला उठवतो आणि वर त्याचे पैसे घेतो. बेत माझ्या साडूभाऊंचा. ते बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे वेळ फार आणि व्याज काढायला काही नाही. तिसरा अण्णा. नवी पेठेत चादरी-टॉवेलचं दुकान. कट्टर शाकाहारी, इतका की अंड्याच्या गाड्यासमोरून जाताना श्वास रोखतो. कोळीवाड्यांच्या वाटेवर हा कशाला, असं मी विचारलं तर म्हणाला, “समुद्र बघितला न्हाई बे मी नीट. रामेश्वरला गेलतो, पण लै गर्दी होती.”

घरी सांगितलं तेव्हा बायकोनं पोळी लाटायची थांबवली. “माघी एकादशीला अख्खं जग पायी पंढरपूरला येतंय. ते आपल्यापासून 70-75 किलोमीटर, तर तुमचे गुडघे दुखतात. आणि मासळीच्या वारीला निघालात?” या प्रश्नाला उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

तयारी मात्र जोरात केली. सिद्धेश्वर तलावाला रोज सकाळी चकरा मारल्या. पण वाळूत चालायचा सराव हवा, असं साडूभाऊंनी कुठंतरी वाचलं. सोलापुरात वाळू म्हणजे सीना-भीमेची, आणि तिचा भाव ऐकला तर तिच्यावर पाय ठेवण्याऐवजी माणूस चपला काढून नमस्कार करील. विजापूर रोडला एका बांधकामावर ढीग पडला होता. पहाटेच्या अंधारात तिघं त्यावर चढउतार करत असताना वॉचमननं टॉर्च मारला.

“काय करूलालाय ओ?”

“समुद्राची तयारी,” साडूभाऊ म्हणाले.

वॉचमननं आधी आमचे खिसे चाचपले, मग बूट काढायला लावले. बुटांतली वाळू ढिगावर ओतून घेतली आणि मगच सोडलं.

सामानात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि माणशी दोन चादरी. चादरी हा अण्णाचा हट्ट. “कोकणात थंडी नसते,” असं मी म्हणालो, तर त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी सिद्धरामेश्वरांबद्दल काही वावगं बोललोय. दीड-दोन किलोची एकेक चादर, आणि सोलापुरी चादर दाबून घडी घातली तरी आपला ताठा सोडत नाही. पिशवीचं तोंड बंद होईना. त्यातून मोरपंखी किनार बाहेर डोकावत राहिली आणि चार दिवस गावोगाव आमची जाहिरात करत राहिली.

भरती-ओहोटीचं खातं साडूभाऊंकडे होतं. किनाऱ्यानं चालायचं तर दोन पुळणींच्या, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यांच्या, मधे समुद्रात घुसलेली खडकाळ नाकं असतात, ती ओहोटीलाच ओलांडता येतात. त्यासाठी साडूभाऊंकडे जुनं सूत्र होतं: तिथीला पाऊणनं गुणायचं, की वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा. तिथीसाठी दाते पंचांग, आणि ते निघतं आमच्याच सोलापुरातून. “उभा महाराष्ट्र तिथी बघतो ती सोलापूरला विचारून,” साडूभाऊ छाती काढून म्हणाले. “समुद्र काय वेगळं विचारणारे?”

पहिला दिवस केळशी ते आंजर्ले. सकाळी जे दिसलं त्यानं साडूभाऊ भारावून गेले. समुद्राचं सौंदर्य वगैरे नव्हे, वेळापत्रक. दिवसाला दोनदा पाणी! आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांआड येतो, तोही रात्री कधीतरी, आणि बॅरल भरायला सगळं घर उठतं. इथं रोज दोनदा, दर दिवशी साधारण पन्नास मिनिटं उशिरानं, पण बोलल्याप्रमाणं. “याला म्हणतात पाणीपुरवठा,” ते म्हणाले. अण्णानं चूळ भरून बघितली आणि फक्त म्हणाला, “खारट आहे पण.”

चालण्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की पुळण लांबून सपाट दिसते. ती सपाट नसते, समुद्राकडं उतरती असते. दिवसभर एक पाय खाली आणि एक पाय वर ठेवून चाललं की संध्याकाळी माणूस सपाट रस्त्यावरही कलून चालतो. कोरड्या वाळूत पाय रुततो, ओल्यात बरा चालतो, पण ओल्याला लाट येते. बूट भिजू नयेत म्हणून मी तासभर उड्या मारल्या. तासानंतर बूट भिजले आणि बरं वाटलं.

पण खरा त्रास वाळूचा नव्हे, माणुसकीचा. उटंबर, आडे, पाडले, ज्या गावात शिरावं तिथं कुणीतरी थांबवायचं. “गाडी बिघडली का?” “साडेदहाची एसटी आहे, सावलीत बसा.” एका दुचाकीवाल्यानं तर आम्हा तिघांनाही मागं बसवायची तयारी दाखवली. हौसेनं चालतोय म्हटलं की चेहरा पडायचा. नवस आहे का, असं हळूच विचारायचे. तोवर नजर मोरपंखी किनारीवर जायची आणि चेहरा उजळायचा. चादरवाले! मग सगळंच जुळायचं.

आंजर्ल्याला ज्यांच्याकडे उतरलो त्या काकूंनी अण्णाचं पथ्य ऐकून मान डोलावली. जेवताना अण्णा दुसऱ्यांदा वांग्याची भाजी मागू लागला, तेव्हा काकू कौतुकानं म्हणाल्या, “मासे बिलकूल नाही घातले हो, नुसतं चिमूटभर सुकट आहे चवीला.” अण्णाचा घास हातातच राहिला. त्या रात्री आणि पुढच्या सगळ्या जेवणांना त्यानं कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. काकूंना मात्र अपराधी वाटलं आणि त्यांनी भरपाई म्हणून दोन चादरी विकत घेतल्या. अण्णा नाही म्हणणार होता. पण गिऱ्हाईक समोर उभं असताना नाही म्हणायचं कसं, हे त्याला नवी पेठेत कुणी शिकवलेलं नाही. माझी पिशवी चार किलोनं हलकी झाली, मीही गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी माघी एकादशी. अख्खा जिल्हा चंद्रभागेच्या वाळवंटात आणि आम्ही हर्णैच्या मासळी लिलावात. साडूभाऊंना कडक उपास. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग उभा. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांतला हा एक, एवढं मी सांगायला सुरुवात केली होती. पण कुणाचं लक्ष नव्हतं. होड्या लागल्या होत्या, टोपल्या उतरत होत्या, बैलगाड्या पाण्यात शिरत होत्या, वाळूवर सुरमई, पापलेट, बांगड्याचे वाटे पडले होते. माझी जीभ उजनीच्या चिलापीवर वाढलेली. मी एकेका वाट्यापुढं देवळात थांबावं तसा थांबत होतो. साडूभाऊ समुद्राकडं पाठ करून विठ्ठल विठ्ठल म्हणत होते.

आणि अण्णा? नाकाला टेरी टॉवेल बांधून तो लांब उभा होता. दहा मिनिटांनी तो थोडा जवळ आला. अर्ध्या तासानं बघतो तर लिलावाच्या कोंडाळ्यात पहिल्या रांगेत. त्याला मासा दिसतच नव्हता, फक्त भाव दिसत होता. “ती बाई बघ बे,” तो टॉवेलातून कुजबुजला, “मागच्या वाट्याला मुद्दाम गप्प बसली. आता हा स्वस्तात उचलती बघ.” तिनं उचलला. अण्णाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते वासानं की आदरानं, कळलं नाही. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते हे कळल्यावर तर तो हळहळला. “दोन महिने दुकान बंद! आणि उधारी?” त्या बाईशी तो तासभर धंद्याचं बोलला. निघताना तिनं टोपलीवरचे हात पदराला पुसले आणि विचारलं, “चादरी आणल्यात ना?” दोन गेल्या. रोख.

तिसऱ्या दिवशी मुरूडहून निघालो. धोंडो केशव कर्वे या मुरूडचेच. शाळकरी वयात परीक्षा द्यायला ते इथून कुंभार्ली घाटानं साताऱ्याला पायी गेले होते, आणि वयानं लहान दिसता म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. चार दिवस चालून त्यांना परत पाठवलं. हे मी साडूभाऊंना सांगितलं, तर म्हणाले, “आपल्याला ती भीती नाही.”

माघ शुद्ध द्वादशी. बारा पाऊणे नऊ. साडूभाऊंचा हिशोब असा: नऊला पुरती ओहोटी, म्हणजे पहाटेपासून पाणी उतरत असणार. सातला निघायचं, कर्द्याची पुळण संपवायची, पुढं लाडघरकडचं खडकांचं नाक उतरत्या पाण्यात आरामात वळसा घालून पार. कागदावर चोख होतं.

आठनंतर आम्ही खडकांत शिरलो. थोड्या वेळानं मी म्हणालो, “साडूभाऊ, पाणी वाढतंय.”

“उतरतंय. लाटा मोठ्या आहेत म्हणून तसं वाटतं.”

मघाशी ज्या खडकावर बसून बूट बांधले तो खडक मला दिसेना. तेही सांगितलं. साडूभाऊ म्हणाले, “तुमची दिशा चुकतेय.” मग एक लाट त्यांच्या कमरेपर्यंत आली आणि खिशातलं पंचांग भिजलं. बँकेतल्या माणसाला कागद भिजल्याशिवाय खरं वाटत नाही.

मागं पाणी, पुढं पाणी, डावीकडं जांभ्याचा कडा आणि त्यात करवंदीच्या जाळ्या. समुद्र न बघितलेला अण्णा अशा वेळी भलताच चपळ निघाला. कुठून तरी खोबणीत पाय देत तो वर चढला, ओरखडे काढून घेतले, आणि आपली डबल चादर पिळून त्यानं खाली सोडली. “धरा ओ! फाटत न्हाई!” आधी साडूभाऊ, मग मी. माझं वजन 88 किलो, पिशवी वेगळी. चादरीनं हूं का चूं केलं नाही. वर पोचलो तेव्हा आमच्या पायांत त्राण नव्हतं आणि अण्णा चादर उजेडात धरून सूत न् सूत तपासत होता. “बघ. एक धागा सरकला न्हाई.” आम्ही वाचलो, ही गोष्ट त्याच्या नंतर लक्षात आली.

वर काजूच्या बागेत एक म्हातारे गृहस्थ कोयता टेकून सगळं बघत उभे होते. आयुष्यभर होडीवर होते म्हणे. त्यांनी शांतपणे विचारलं, “भरतीचं कुठं चाललात खालनं?”

साडूभाऊंनी सूत्र सांगितलं. द्वादशी, बारा पाऊणे नऊ.

“बरोबर. नऊच्या सुमाराला भरती.”

“भरती? ओहोटी नाही?”

“भरती. ओहोटी पुढं सहा तासांनी.” मग त्यांनी ते ओलं पंचांग हातात घेतलं. “कुठचं हे?”

“दाते. सोलापूरचं.”

“हां, आमच्याकडेही हेच असतं. पंचांग बरोबर आहे.” त्यांनी ते परत दिलं. आमच्याबद्दल काही बोलले नाहीत, तेच लागलं. वळता वळता त्यांची नजर चादरीवर गेली. “केवढ्याला?”

साडूभाऊंना धरून ठेवणारी ती चादर अण्णानं त्यांना वीस टक्के कमी करून दिली. खारं पाणी लागलेला माल पूर्ण भावानं विकायचा नाही, हा त्याचा नियम.

पुढचं भराभर. लाडघरला तामसतीर्थ बघितलं, बुरोंडीत माझ्या टाचेचा फोड फुटला, कोळथऱ्याच्या अलीकडे सहावी आणि शेवटची चादर गेली. चौथ्या दिवशी दिवेलागणीला दाभोळात शिरलो, तेव्हा पिशव्या रिकाम्या होत्या आणि खिशात येण्याजाण्याचा खर्च सुटून वर थोडे पैसे होते. खाडीकाठी शाही मशीद आहे, विजापूरच्या एका राजकन्येनं बांधल्याचं सांगतात. ती मक्केला निघाली होती आणि दाभोळातच अडकली. आमच्या शेजारचीच की, असं अण्णाला वाटलं. विजापूरहून इथवर पायी नसंल आली, असं साडूभाऊंना.

रात्री वारा सुटला. चार दिवस उन्हानं भाजलेलं अंग शहारायला लागलं. तिघं सोलापूरकर, आणि तिघांत मिळून एक चादर नाही. घरमालकीणबाईंकडे पांघरूण मागायला मी गेलो तर त्या म्हणाल्या, “अहो, तुम्ही सोलापूरचे ना?” काय सांगणार? त्यांनी ट्रंकेतून तीन चादरी काढून दिल्या. “तुमच्याकडच्याच आहेत हो. दारावर आला होता एक, त्याच्याकडनं घेतल्या.”

दिवा मालवला. मी तोंडावर चादर ओढून घेतली. दोन मिनिटांनी अंधारात अण्णाचा आवाज आला.

“झोपलास का बे?”

“काय झालं?”

“बोटानं किनार बघ. ही आपली न्हाई.”

“उबदार आहे की. झोप.”

“ही सोलापूरची न्हाई बे,” तो म्हणाला. थोड्या वेळानं मोबाईलचा टॉर्च लागला. मग दार वाजलं, आणि बाहेर अण्णा घरमालकीणबाईंना विचारत होता, तो दारावर आलेला माणूस दिसायला कसा होता, आणि कुठल्या दिशेला गेला.