आबांचे चार सेकंद

परवा संध्याकाळी गंगावेशीत, भर दूध कट्ट्यावर, एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्याकडे बोट दाखवून जाहीर केलं, "हीच ती पोरगी. हिनं मला पिच्चरमधनं हाकलला." तोंडाला ग्लास लावलेली वीस-पंचवीस माणसं वळून बघायला लागली. धार काढणाऱ्या मामांचाही हात थांबला. मी तिथं फक्त दूध प्यायला गेले होते हो. तेही बहिणीनं आग्रह केला म्हणून.

तर 'पिच्चर' म्हणजे माझी पाच मिनिटांची डॉक्युमेंटरी. मी मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय दूध कट्टा. संध्याकाळी म्हशी येतात, गिऱ्हाइकासमोर धार निघते, फेसाळ ग्लास हातात. कोल्हापूरकराला आणखी सांगायची गरज नाही आणि बाहेरच्यानं येऊन प्यावं.

आबा शूटिंगच्या पहिल्याच संध्याकाळी हजर झाले. पांढरा सदरा, खांद्यावर टॉवेल, हातात काठी, आणि मिशी अशी की तिला वेगळा लाईट लावावा.

"कुठल्या च्यानेलची?"

"कॉलेजचं आहे आबा."

"म्हंजे टीव्हीवर लागणार न्हाई?"

"नाही."

"मग एवढा कुटाणा कशापायी?"

हा प्रश्न माझ्या वडिलांनी तीन वर्षं वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे, पण इतका थेट कधी नाही. मी काही बोलायच्या आत आबा माझ्या वर्गमित्राकडे वळले. तो बिचारा बूम माइक धरून उभा होता. त्याचं काम तेवढंच. "डायरेक्टर सायेब, क्यामेरा ह्या अंगाला घ्या. तिकडनं म्हशीचा मागचाच भाग दिसतोय."

"डायरेक्टर ती आहे आबा," तो म्हणाला.

आबांनी माझ्याकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं आणि मनापासून हसले. "आसूद्या, आसूद्या. लाजायचं न्हाई." पुढचे दोन तास सगळ्या सूचना त्यालाच. कॅमेरा माझ्या हातात, फोकस मी ओढतेय, शॉट मी ठरवतेय, आणि आबा त्याला सांगताहेत, "ह्या पोरीला सांगा जरा खाली वाकायला." कॅमेऱ्याची जागा मात्र त्यांनी बरोबर सांगितली होती, याचा राग वेगळा.

दिवे लागल्यावर कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर काळे पट्टे सरकायला लागले. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि आधी कॅमेरा नेलेल्या कुणा महाभागानं शटर १/६० सेकंदावर ठेवलं होतं, म्हणजे विजेशी मेळच नाही. एलईडीच्या उजेडात असे पट्टे दिसतात. आबा काठी टेकत आले, स्क्रीनमध्ये डोकावले आणि निदान केलं, "लाईट खराब हाय." मी शटर १/५० वर आणलं, पट्टे गेले. "बगा, बोललो तवा सुधारली."

पण खरा कळस झाला तो शांततेच्या वेळी. ज्या जागी चित्रण केलं तिथला नुसता आवाज, कुणीही न बोलता, अर्धा-एक मिनिट टेप करून ठेवायचा असतो. त्याला रूम टोन म्हणतात. संवाद कापले की मध्ये जी पोकळी पडते, तिथं हा आवाज भरायचा, नाहीतर कानाला खड्डा लागतो. मी हात जोडून सगळ्यांना म्हणाले, अर्धा मिनिट कुणी बोलू नका. माणसं खरंच गप्प झाली. म्हशीसुद्धा. लांबून एखादी रिक्षा, दावणीची साखळी, बाकी काही नाही. मी रेकॉर्डचं बटण दाबलं, आणि आबा गरजले,

"ए, गप बसा रे! पोरगी शांतता रेकॉर्ड करतीया!"

सगळे गप्पच होते. पुन्हा बटण दाबलं.

"आरं त्या स्कूटरवाल्याला थांबवा की! कळत न्हाई व्हय? हितं शांतता चाललीया!"

"आबा, तुम्ही पण..."

"मी कुटं बोलतोय? मी गप करतोय त्यास्नी!"

माझ्याकडे आजही ती फाइल आहे. अर्धा मिनिट गंगावेशीची शांतता, आणि ती अखंड आबांच्या आवाजात.

धारेचा आवाजही तसाच वाया गेला, याचं दुःख मात्र मला खरंच आहे. रिकाम्या भांड्यावर पहिली धार पडते तेव्हा ती पातळ, धातूसारखी वाजते. भांडं भरत जाईल तसा आवाज जाड होतो, आणि शेवटी फेसात बुडून नुसतं घुर्र घुर्र उरतं. फिल्मची सुरुवात मला त्यावरच करायची होती. पडदा काळा, फक्त आवाज, आणि आवाज जाड झाला की मग चित्र. प्रत्येक टेकमध्ये त्या धारेवर आबा: "आता बगा, धार काढत्यात." एकाच माइकवर एकात एक मिसळलेले दोन आवाज नंतर नीट वेगळे होत नाहीत. भल्या पहाटे एका गोठ्यात जाऊन आवाज परत घ्यावा लागला, शेणात पाय देऊन.

यावर आबांचं म्हणणं असं, की त्यांना लाईनीतला अनुभव आहे. "जयप्रभा स्टुडिओत उभा ऱ्हायलोय मी. भाला घिऊन. म्हाराज म्होरनं गेलं तरी पापणी हलली न्हाई माझी."

"कुठल्या चित्रपटात?"

"नाव कुणाला म्हाईत? जेवाण मात्र झकास हुतं."

आता या गावात कुणाला काय बोलणार? बाबूराव पेंटरांनी शंभरेक वर्षांपूर्वी इथं स्वतः खटपट करून कॅमेरा बनवला आणि १९२० साली पहिला मूकपट काढला. तेव्हापासून प्रत्येक पेठेत कुणीतरी भाला धरलेलं आहे, कुणाच्या तरी आजीनं दरबारात फुलं उधळलेली आहेत. पेंटरांचा मला हेवा वाटतो तो याचसाठी की ते मूकपट होते. आबा कितीही बोलले असते तरी चाललं असतं. १९२९ साली 'प्रभात' फिल्म कंपनी इथंच सुरू झाली, १९३२ साली मराठी बोलपट इथंच बोलायला लागला, आणि पुढच्याच वर्षी कंपनी बिऱ्हाड गुंडाळून पुण्याला गेली. पुण्यातल्या तिच्या त्याच जागेत आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे. म्हणजे सामान आमच्या गावचं, आणि शिकायला प्रवेश परीक्षा देऊन आम्ही पुण्याला जायचं. असो. मिरचीसारखं हेही आम्ही पचवतो.

पुढं एडिटिंग. काही तासांचं फूटेज, पाच मिनिटांची मर्यादा, आणि बहुतेक फ्रेममध्ये आबा. दूधवाले मामा मुलाखतीत महागलेल्या पेंडीबद्दल पोटतिडकीनं बोलताहेत आणि मागं आबा काठी भाल्यासारखी रोवून, पापणी न हलवता, थेट लेन्समध्ये बघताहेत. पेंडीकडं लक्षच जात नाही. मी फ्रेम मोठी करून त्यांना कडेनं छाटलं, तर मामांचा अर्धा कान गेला.

शेवटी आबांचा एकच शॉट ठेवला. ते ग्लास रिकामा करतात, मिशीवर फेसाची दुसरी मिशी, आणि टॉवेलच्या टोकानं ती सावकाश पुसतात. चार सेकंद. सेकंदाला पंचवीस फ्रेमच्या हिशेबानं शंभर फ्रेम. एकशे एकाव्या फ्रेमला त्यांनी कॅमेऱ्याकडं बघून "घेतलं का?" असं विचारलंय, म्हणून शंभरावर कट. कॉलेजात फिल्म दाखवली तेव्हा हशा तिथंच पडला. सरांनीही तोच शॉट वाखाणला, आबांच्या चेहऱ्याबद्दल. कट कुणाचा, हे कुणी विचारलं नाही.

नातवानं मोबाइलवर ती आबांना दाखवली. परवाच्या जाहीर सभेत मुख्य तक्रार ही होती: "आख्खी भावकी गोळा केली. च्या झाला. म्हातारी चष्मा शोधतीया, तवर मी येऊन गेलो बी!"

माझी तक्रारही ऐकून घ्या. पहिल्या वर्षी मी रंकाळ्यावर एक फिल्म केली होती. सॉफ्टवेअरमध्ये होते नव्हते तेवढे ट्रान्झिशन त्यात ओतले. पान उलटतंय, चौकोन फिरतोय, बदामाच्या आकारातून सूर्य मावळतोय, आणि सगळ्यावर बासरी. आत्या म्हणाली, "अगदी सिनेमावानी!" शेजारच्यांनी पेढे आणले. त्यानंतर मी शिकले. आवाज चित्राच्या आधी आणायचा, हात हलतानाच कट घ्यायचा म्हणजे जोड दिसत नाही, डोळा कुठं आहे ते बघून पुढचा शॉट लावायचा. रात्री-रात्री जागून कट असे केले की कुणाला कळूच नयेत. आणि कुणाला कळलेच नाहीत! आईनं फिल्म पूर्ण पाहिली, डोळे पुसले, आणि विचारलं, "छान आहे गं. पण यात तू काय केलंस?" पेढे तर सोडाच.

आणि हे सगळं झाल्यावर काल आत्याचा फोन. नातवाच्या बारशाचा व्हिडिओ करायचाय. शूटिंग घरच्याच चार मोबाइलवर झालंय, चारही वेगवेगळ्या फ्रेम रेटचे, दोन उभे, दोन आडवे. "तू फक्त जोडून दे. दोन मिनिटाचं काम. आणि ते तुझं बदामाचं टाक की गं, अलीकडं तू काहीच टाकत नाहीस. पैशाचं बघू नंतर, घरचंच आहे."

सांगून ठेवते. हार्ड डिस्क ज्याची त्यानं आणायची, निम्मे पैसे आधी, आणि एका बदामाचे दीडशे वेगळे. आत्यालासुद्धा.