कांद्याचा रस आणि रेटिनाचं पुस्तक

इंग्रजी वैद्यकीय ग्रंथाच्या पानाचा फोटो, त्यावर लाल रेघा, खाली मराठीत मजकूर: ‘डॉक्टर लपवतात ते त्यांच्याच पुस्तकात छापलंय. शुगरवाल्यांच्या डोळ्यात कॅन्सरचं औषध टोचतात, लेसरनं पडदा जाळतात. त्यापेक्षा कांद्याचा रस आणि मध घाला, पडदा भरून येतो. दिसतंय तोवर तपासणी नको.’ निपाणीपासून खानापूरपर्यंत हे फिरतंय. आमच्या आत्यांनी यापायी इंजेक्शनची तारीख चुकवली, म्हणून लिहावं लागतंय.

आधी ते पान. तो गुंतागुंतींचा तक्ता आहे. रेटिनाच्या, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या, संदर्भग्रंथात उपचार दिला की त्याचे धोकेही देतात, हजारांत एखाद्याला होणारेसुद्धा, कारण डॉक्टरला ते ओळखता यायला हवेत. उपचार कुणाला द्यायचा, फायदा किती, हेही त्याच प्रकरणात असतं. तेवढं मात्र बरोबर कापलंय!

आता कांदा. पडदा असतो डोळ्याच्या आत, मागच्या भिंतीला. बाटलीतला एक थेंब 30 ते 50 मायक्रोलिटरचा; त्यातला बराचसा गालावर ओघळतो, नाहीतर अश्रुनलिकेतून नाकात उतरतो. कंपनीच्या औषधाचाही 5 टक्क्यांहून कमी अंश डोळ्यात शिरतो, तोही पुढच्या भागात. मग कांदा मागं जाऊन काय भरून काढणार? पडद्याच्या मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. वर घरच्या रसात जंतू आणि बुरशी. उसाचं पातं लागून बुबुळावर ओरखडा असेल, आणि आपल्या भागात तो असतोच, तर तिथं अल्सर धरतो: पांढरा ठिपका, लाली, उजेड सहन होत नाही. बुरशीचा असेल तर नॅटामायसिन या बुरशीनाशकाचे थेंब सुरुवातीला तासातासाला, पुढं कित्येक आठवडे. बरा झाला तरी डाग राहतो.

कॅन्सरचं औषध? अर्धं खरं. या इंजेक्शनातलं बेव्हॅसिझुमॅब आलं आतड्याच्या कॅन्सरसाठी. तिथं वजनाच्या दर किलोला 5 मिलिग्रॅम किंवा जास्त, शिरेतून. डोळ्यात सगळं मिळून 1.25 मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेनं 2013 मध्ये ते डोळ्यासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होऊ शकतो, काही हजार इंजेक्शनांत एखादा. त्यासाठीच आधी पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक घालतात. नंतर दुखणं, लाली वाढली किंवा नजर उतरली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, सोमवारची वाट बघू नका.

लेसरनं पडदा भाजतो, तो मुद्दामच. शुगरनं पडद्याला होणारा रोग, म्हणजे डायबेटिक रेटिनोपॅथी, पुढं गेला की कडेला 1200 ते 1600 ठिपके देतात, मधली नजर वाचावी म्हणून. कडेची आणि रात्रीची नजर थोडी कमी होते, हे मान्य. पण डायबेटिक रेटिनोपॅथी स्टडीत, 1976 च्या अहवालापासून, नजर गंभीरपणे जाण्याचं प्रमाण या लेसरनं निम्म्यावर किंवा त्याहून खाली आलेलं दिसलं.

राहिली तपासणी. सुरुवातीला हा रोग काहीच जाणवू देत नाही. टाइप 2 डायबेटिस कळला की लगेच, मग दरवर्षी पडदा दाखवायचा. त्यासाठी थेंब घालतात; बाहुली मोठी व्हायला अर्धा तास लागतो, पुढं चार-सहा तास धुरकट दिसतं. दुचाकी घेऊन जाऊ नका, आणि एचबीए1सीचा (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा) रिपोर्ट सोबत ठेवा.