तो फोटो बिबट्याच्या पिल्लांचा नाही, वाघाटीच्या पिल्लांचा आहे

गेल्या आठवड्यात कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो आला. त्याच संध्याकाळी मंचरच्या मामेभावानेही तोच पाठवला. ऊसतोड मजुराच्या तळहातावर दोन ठिपकेवाली पिल्लं आणि खाली मजकूर: ‘बिबट्या आणि मांजराच्या संकरातून नवी जात तयार झाली आहे. झाडावर चढते, शेळ्या मारते. माणसाचा वास लागला की आई पिल्लं टाकून देते, म्हणून सापडली तर घरी नेऊन दूध पाजा.’ यातलं झाडावर चढण्यापलीकडे काहीच खरं नाही, आणि शेवटचं तर पिल्लांच्या जिवावर उठणारं आहे.

आधी फोटो नीट बघा. बिबट्याचं पिल्लू जन्मतःच अर्ध्या किलोच्या आसपास असतं. इथे दोघं एका तळहातात मावलीत. वाघाटी या छोट्या जंगली मांजराचं नुकतं जन्मलेलं पिल्लू ६० ते ७७ ग्रॅमचं, म्हणजे मोठ्या लिंबाएवढं. लहानपणी अंगावर काळ्या ठिपक्यांच्या रांगा असतात, तिथेच लोक फसतात. गंजासारखा तांबूस रंग पुढे येतो. (वाघाटी म्हटलं की पुण्यात आषाढी द्वादशीची भाजीच आठवते. ते फळ वेगळं.)

संकराचं म्हणाल तर बिबट्याचं आणि लहान मांजरांचं घराणं वेगळं होऊन सुमारे एक कोटी वर्षं झाली. जात नवीही नाही, १८३१ सालीच तिला शास्त्रीय नाव मिळालंय.

झाडावर चढते हे खरं, पण त्यावरून ती बिबट्याची कशी ठरते? हलकं अंग, आत ओढता येणारी धारदार नखं. मागे कुत्रं लागलं की तिला झाडच वाचवतं. आणि शेळी? पूर्ण वाढलेली वाघाटी किलो-दीड किलोची. उंदीर, सरडे, बेडूक, छोटे पक्षी, किडे हे तिचं खाणं. उसाचे कांडे कुरतडणारे उंदीर ती फुकटात मारते, हे शेतकऱ्याने तरी विसरू नये.

आता वासाचं. दोन वर्षांपूर्वी मामाच्या उसात तोड चालू असताना पाचटात अशीच दोन पिल्लं निघाली. कोयता लागेल म्हणून मामाने ती उघड्या हातांनीच उचलून बांधावर ठेवली. डोळे अजून मिटलेले, तोंडं नुसती हवेत शोधत होती. मामी वाटीत गाईचं दूध घेऊन आली, पण आम्ही पाजू दिलं नाही. त्याने पिल्लांना हगवण लागते. वनखात्याच्या १९२६ नंबरवर फोन केला. त्यांची माणसं आली, अंधार पडायच्या बेताला टोमॅटोच्या कॅरेटमध्ये पाचट अंथरून पिल्लं होती त्याच सरीत ठेवली आणि सगळ्यांना लांब पाठवलं. जुन्नर-आंबेगाव भागात वाघाटीचीच काय, बिबट्याची पिल्लंही अशीच आईकडे परत गेली आहेत. वाघाटी रात्रीची फिरते. दिवसा माणसं, ट्रॅक्टर, आरडाओरडा असताना ती येणार कशी?

शिवाय वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ती आहे, घरात ठेवणं गुन्हा आहे.

मामा पहाटे पाचला बॅटरी घेऊन गेला. कॅरेट रिकामं होतं. पाचटाला मध्ये खळगा पडलेला, आणि बाजूच्या ओल्या मातीत रुपयाच्या नाण्याएवढी पावलं उसाकडे गेलेली.