नायिकेने बदलायलाच हवं का?

कथेच्या घटकांवरच्या तुमच्या लेखात कथानक, पात्रं, स्थळकाळ, संघर्ष, निवेदन या घटकांची ओळख छान करून दिलीत. पण ‘शेवटी मुख्य पात्रात बदल झाला नाही तर ती कथाच नव्हे’ हे वाक्य काही पटलं नाही. श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी घ्या. राजाचा हुकूम, सगळ्यांनी घरचं सगळं दूध महादेवाला घालायचं. गावभरचं दूध ओतूनही गाभारा भरत नाही. म्हातारी मात्र मुलांना पाजते, वासरांना पाजते, हातातली कामं उरकते आणि दुपारी उरलेलं खुलभर, म्हणजे अगदी थोडंसं, दूध घेऊन जाते. गाभारा भरतो! ती पहिल्या वाक्यात जशी असते तशीच शेवटी असते. बदलतो तो राजा: हे कसं घडलं ते विचारायला तो म्हातारीचा हात धरतो, आणि मुला-वासरांना उपाशी ठेवून घातलेलं दूध देवाला पोचत नाही हे तिच्याकडून शिकतो. आजी ही कहाणी सांगायची तेव्हा आमच्या मुठीत तांदळाचे दाणे असायचे आणि राजा हात धरतो त्या जागी मूठ आपोआप घट्ट व्हायची.

हे एवढ्या पोटतिडकीने लिहितेय कारण एकदा हात पोळलेत. एका कथा-कार्यशाळेत मला हेच सांगितलं, ‘तुमची नायिका बदलतच नाही.’ मी घरी येऊन शेवटी तिला रडवली, नवऱ्याची माफी मागायला लावली. कथा छापून आली. माझ्या बहिणीने वाचली आणि विचारलं, ‘शेवटचं पान दुसऱ्या कुणी लिहिलं का गं?’