इस्त्रीवाल्याचा अहवाल

मुलुंडमध्ये भाड्याचं घर दाखवायला एजंट नेहमी दुपारी दोनलाच बोलावतो. तेव्हा नळाचं पाणी आलं होतं की नाही हे विचारायची वेळ टळून गेलेली असते, वरच्या मजल्यावरची मुलं शाळेत असतात आणि उन्हात भिंतीसुद्धा शहाण्यासारख्या कोरड्या दिसतात. आम्ही पाहिलेला फ्लॅट तर मे महिन्यात रंगवलेला. मे महिन्यातला ताजा रंग हा स्थळाच्या फोटोसारखा असतो. खरं रूप कळायला जुलै उजाडावा लागतो.

मी भिंतीवर टकटक केलं. आवाज पोकळ आला.

"हवा खेळती आहे ना, साहेब," एजंट म्हणाला.

बाथरूमला फॉल्स सीलिंग होतं. "इथे कशाला?" तर "लक्झरी टच." गच्चीवर निळी ताडपत्री अंथरलेली. "गणपतीच्या मांडवाची आहे." मे महिन्यात! हा माणूस एजंट झाला नसता तर निवडणुकीला उभा राहिला असता.

करार फक्त अकरा महिन्यांचा, पण १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार तो लेखी आणि नोंदणीकृत हवा. त्यासाठी माझं आधार, पॅन, फोटो, अंगठा; शिवाय पोलिसांकडे माहिती वेगळीच. इमारतीची चारित्र्य पडताळणी मात्र भाडेकरूने आपल्या हिमतीवर करायची.

म्हणून मी जिन्याखालच्या इस्त्रीवाल्याकडे दोन शर्ट दिले.

"चौथ्या मजल्यावर येताय? आधीचे फार सज्जन होते हो. पावसाळ्यात त्यांचे कपडे घरात वाळायचेच नाहीत, सगळे माझ्याकडे ओले यायचे. माझा धंदा झाला चांगला." एवढं सांगून त्याने लिफ्ट किती वेळा अडकते आणि टँकरचं बिल कोण थकवतं, तेही सांगितलं. शर्टाचे पैसे वेगळे घेतले.

मग सेक्रेटरींना गाठलं. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं. सी-१ निघाली तर रिकामी करून पाडायची, सी-३ निघाली तर किरकोळ डागडुजी. मधे सी-२ ए आणि सी-२ बी. ही इमारत १९८६ ची.

"ऑडिट झालंय," सेक्रेटरी अभिमानाने म्हणाले.

"मग कुठल्या वर्गात बसली?"

"पाकीट अजून उघडलं नाही. उघडलं की दुरुस्ती करावी लागेल, आणि वर्गणीवरून मागची सभा उधळली."

"पण तोवर काही पडलं तर?"

"तुम्ही भाडेकरू ना? मग तुम्हाला कसली काळजी? तुमचं तर काहीच जात नाही."

बायको तोवर तिथल्या कामवाल्या मावशींशी बोलून परत आली होती. तिने फक्त "चला" म्हटलं.

आठवड्याने एजंटचा पुन्हा फोन. "साहेब, सर्वोदयनगरला टकाटक फ्लॅट आहे."

"खाली इस्त्रीवाला आहे का?"

"आहे ना साहेब. त्याच्याशी मी आधीच बोलून ठेवलंय."